नजरअंदाज

सकाळी सव्वासातला सुगत बोरकर भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली दोरी काढून पिशवीत भरत होता, तेव्हा तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमी मले नजरअंदाज करता." आवाज चढलेला नव्हता. दोरीला कुठेतरी गाठ पडली होती आणि ती नखाने सोडवण्यात त्याचे लक्ष होते, मान वर न करता तो म्हणाला, "करतो ना. पण माझा अंदाज बहुधा बरोबर निंगते." आत पोळ्या लाटत असलेली दीपमाला, त्याची बायको, हसली आणि ते हसणे मध्येच थांबले. लाटणेही थांबले. तृप्ती "हो, बहुधा," एवढेच म्हणून आतल्या खोलीत, पलंगावर उघड्या पडलेल्या सुटकेसकडे निघून गेली. गाठ सुटली. सुगतने दोरी गुंडाळली, चार खुंट्या, टेप, वजनकाटा आणि ताडपत्री मोटारसायकलला बांधली. दीपमालाने डब्याची पिशवी आणून हँडलला अडकवली. गाडी सुरू होता होता तृप्ती पुन्हा बाहेर आली. "दीडची गाडी हाय माझी. याल काय स्टँडवर?" "बारापर्यंत मोकळा होतो मी. येतो." "नक्की?" नक्की हा शब्द त्याच्या कामात नव्हता. तो जरा अडखळला आणि पुन्हा "येतो" म्हणाला. साकोलीच्या त्या गल्लीतून तो हमरस्त्यावर आला, ट्रकांच्या मागे मागे अकरा किलोमीटर गेला, पण ते मध्येच थांबलेले हसणे दाढेत अडकलेल्या कणासारखे बरोबर आले. जिभेला सापडत होते, निघत नव्हते.

शब्दात खटकण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नव्हते. तालुक्याच्या कार्यालयात सांख्यिकीचे काम करता करता त्याची सत्तावीस वर्षे गेली होती आणि हा शब्द दरवर्षी सप्टेंबरात कुठल्या ना कुठल्या कागदाच्या माथ्यावर येत असे. पीक उभे असताना बांधावरून नुसत्या डोळ्यांनी केलेला कच्चा अंदाज, तो नजरअंदाज. पुढे त्यावरून सुधारित अंदाज. शेवटी कापून, झोडून, काट्यावर टांगून येतो तो अंतिम. मुलीच्या तोंडी आपल्या कामाचा शब्द आला म्हणून तो किंचित सुखावलाही होता. आणि तिच्याविषयी त्याने अंदाज केले होते, हे तर खरेच होते. स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या खेपेला तिला आठ गुण कमी पडतील असे तो म्हणाला होता, नऊ पडले. दुसऱ्या खेपेला चार म्हणाला होता, बरोबर चार पडले, आणि निकालाच्या दिवशी ताटावर बसल्यावर त्याच्या तोंडून निघून गेले होते, "मी म्हटलं होतं." त्यात खुनशीपणा नव्हता. काट्याची सुई अपेक्षेच्या जागी येऊन थांबली की जे हलके समाधान वाटते, तेवढेच ते होते. आता ती परीक्षा सोडून तिकडे बपेऱ्याच्या बाजूला, जुने तलाव पुन्हा जिवंत करणाऱ्या एका संस्थेत कामाला निघाली होती. तलावाच्या काठाकाठाने उतरून पाण्यातल्या वनस्पती एकेक करून मोजायच्या, असे काहीतरी ते काम होते. परवा तो दीपमालाला म्हणाला होता, "संक्रांतीपर्यंत. संक्रांतीनंतर सुटकेस त्याच पलंगावर रायते, पाह्यशील." पलंग पलीकडच्या खोलीत होता आणि मधली भिंत एका विटेची होती.

ज्या शेतात आज पीक कापणीचा प्रयोग करायचा होता, ते हमरस्त्याला लागून, रस्त्यापेक्षा खोलगट जागी होते. गावचा कोतवाल भोजराज नऊला येणार होता, तो दहाला आला. मोबाईलमधल्या ॲपला शेताची जागा सापडेपर्यंत साडेअकरा झाले. रस्त्याकडेला फोनला रेंज होती, खाली बांधीत, बांध घातलेल्या भाताच्या वाफ्यात, उतरले की ती जात असे, त्यामुळे दोघे वरखाली करत राहिले. मग आकडे आले: लांबीच्या बाजूने सदतीस पावले, रुंदीच्या बाजूने चौदा. हे आकडे कोणी निवडत नाही, हीच त्यातली मेख. माणूस निवडायला लागला की त्याचा डोळा चांगल्या धानाकडे जातो किंवा, दया आली तर, वाईट धानाकडे. म्हणून यंत्र आकडे देते, पावले मोजायची, पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची, आणि तिथून दहा मीटर बाय पाच मीटरचा दोरीचा चौकोन आखायचा. चौकोनातले धान कापायचे, तिथेच झोडायचे, पाखडायचे, वजन करायचे. तोवर अधिकाऱ्याने चौकोन सोडायचा नाही. सदतीस आणि चौदा पावलांनी तो जिथे येऊन थांबला, तिथे धान कमरेइतके होते, लोंब्या भरून वाकल्या होत्या. रस्त्याकडची निम्मी बांधी मात्र करपून तपकिरी पडली होती.

"तिकडं पाहा ना, सायेब," कुंताबाई म्हणाली. बांधी तिची होती. साठीच्या पुढची, कोरड्या हातांची बाई, लुगड्याचा पदर कमरेला खोचून विळा घेऊन उभी. "सडकेकडलं सारं तुडतुड्यानं खाल्लं. तुमी नेमके चांगल्यात येऊन बसले."

"आजी, आकडा नेते तिथंच जा लागते."

"आकड्याले डोळे हायेत काय?"

"नाईत. म्हणूनच त त्याच्यावर इश्वास."

"मंग तुमाले कायले पाठवते सरकार? आकडाच पाठवाव ना."

"आकड्याले फटफटी चालवता येत नाई, मावशी," भोजराज म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. कुंताबाई हसली नाही. खाली बसून तिने पहिली मूठ कापली. या एका चौकोनावरून, आणि अशाच आणखी नऊ चौकोनांवरून, आसपासच्या साऱ्या गावांचे पीक यंदा कसे होते ते कागदावर ठरणार होते आणि विम्याचे पैसे त्यावरच मिळणार होते, हे तिला ठाऊक होते. आपली जळलेली अर्धी बांधी त्या कागदावर कुठेच येणार नाही हेही तिला कळले होते, आणि ते तिने आपल्याच हाताने कापत घडवून आणायचे होते.

सुगत चौकोनाच्या मध्यभागी उभा राहिला. तो नेहमीच असा, रस्त्याकडे पाठ करून उभा राही. चौकोनाबाहेर पाहायचे नाही, ही सवय त्याला कार्यालयाने लावली नव्हती. ती त्याहून जुनी होती. त्याच्या गावच्या, करडीच्या, शाळेत वाचनालय म्हणून एक पत्र्याची पेटी होती, आणि त्या पेटीत एका पाच भागांच्या वैज्ञानिक कादंबरीमालेचे चार भाग होते. तिसरा नव्हता. मालेतला शास्त्रज्ञ डॉ. वेधस दूरच्या एका ग्रहावर, आटत चाललेल्या समुद्राच्या काठावरच्या शहरात राहतो. हे शहर तीनशे वर्षांनी तहानेने मरणार, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलेले असते, आणि शहर हलवायचे तर आजपासून, आज जिवंत असलेल्या कोणालाही ज्याचे फळ दिसणार नाही अशा रीतीने, हलवायला हवे हेही. तो स्वतःला एका खिडकी नसलेल्या खोलीत कोंडून घेतो. झरोक्यातून अन्न येते आणि आकडे येतात: जन्म, मृत्यू, पाण्याची पातळी, बाजारातली गर्दी. माणसे येत नाहीत. 'चेहरा पाहिला की आकडा हलतो,' हे त्याचे वाक्य सुगतने बाराव्या वर्षी वहीच्या मलपृष्ठावर लिहिले होते आणि पुढे नोकरीत, नव्या मुलांना कापणी शिकवताना, कोणाचे आहे ते न सांगता अनेकदा उच्चारले होते. दुसऱ्या भागाच्या अखेरीला वेधसची मुलगी शहर सोडून जाणाऱ्या पहिल्या तांड्याबरोबर निघते. जाण्यापूर्वी ती त्या खोलीच्या दाराशी येते आणि दारावर हात ठेवते. तिथे भाग संपतो. चौथा भाग उघडतो तेव्हा पन्नास वर्षे उलटलेली असतात. तांडे पोहोचलेले असतात, नवे शहर उभे राहिलेले असते, चौकाचौकांत वेधसचे पुतळे असतात. मुलीचे काय झाले, दार उघडले की नाही, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. ते सगळे पेटीत नसलेल्या पुस्तकात होते.

न वाचलेला तो भाग त्याने मनात इतक्या वेळा रचला होता की तो वाचल्यासारखाच झाला होता. त्याच्या रचनेत वेधस दार उघडत असे. सुरुवातीला नुसते उघडत असे. कॉलेजात गेल्यावर तो तिच्याशी थोडे बोलूही लागला. तृप्ती झाली त्या वर्षी सुगतच्या असे लक्षात आले, की आपला वेधस आता मुलीला तांड्यापर्यंत पोचवायला जातो, वाटेत तिची गाठोडी उचलतो, आणि परत येऊन बसतो तेव्हा त्याचे आकडे जराही हललेले नसतात. गेल्या ऑगस्टात त्याच्या वाढदिवसाला तृप्तीने वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुस्तक त्याच्यापुढे ठेवले. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला ते सापडले होते, तिसरा भाग. बोहारणीकडच्या कपड्यासारखा वास येत होता त्याला. "चाळीस वर्षं शोधून राहिले होते ना तुमी?" ती म्हणाली होती. तो म्हणाला, "वाचतो." आणि त्याने ते फळीवर ठेवले. नंतर ती दोनदा विचारून गेली, वाचलं काय. तो दोनदा, वाचतो, म्हणाला. तिला त्याने हे सांगितले नाही, की उभ्या पिकाकडे बांधावरून पाहत राहण्यात एक सुख असते, आणि विळा लागला की ते जाते.

धान कापले जात होते. कुंताबाई आणि भोजराज दोन बाजूंनी मध्याकडे येत होते. दोरीवर आलेले प्रत्येक धसकट अर्ध्याहून अधिक आत आहे की बाहेर, हे सुगत वाकून पाहत होता आणि बोटाने आत किंवा बाहेर दाखवत होता. नोव्हेंबरचे ऊन मानेवर बसले होते. सव्वाबारा झाले होते. झोडणी, पाखडणी, वजन, तासभर तरी. सकाळचा त्याचा अंदाज चुकला होता. तो असा सहसा चुकत नसे, आणि चुकला की त्याला वडील आठवत. चिंधूजी बोरकर छप्पन्न साली सोळा वर्षांचे होते. करडीहून पायी आणि मग मिळेल त्या वाहनाने नागपूरला दीक्षेला गेले आणि परत आले ते वेगळे होऊन. सुगतने लहानपणी मोठ्या उत्साहाने त्यांना वेधसचे शास्त्र समजावून दिले होते: एका माणसाचे सांगता येत नाही बाबा, पण लाख माणसे असली की ती काय करतील ते मांडता येते. चिंधूजी खाटेचा सुंभ ओढून बांधत होते. हात न थांबवता ते म्हणाले, "तुह्या डॉक्टरनं आमाले पंचावन साली मोजलं असतं, त या लोकायले उद्याबी असंच रायचं हाय म्हणून लिवलं असतं." सुगत म्हणाला, पण तुम्ही लाखोंनी वळलात ना, म्हणजे तो लाखांचाच हिशोब झाला. चिंधूजींनी सुंभाला गाठ मारली, तिचे टोक आत खोचले. मग म्हणाले, "लाखाच्या मंदी मी एकटाच होतो ना, बापू." त्या वयात त्याला ते उत्तर वाटले नव्हते. पुढे ते गेल्यावर त्याला कधीकधी वाटे, की तेच उत्तर होते आणि आपण ते कोणत्या रकान्यात भरायचे ते न कळल्यामुळे सोडून दिले.

"सायेब," कुंताबाई म्हणाली. चौकोन आता उघडा पडला होता, धसकटे टोचत होती. ती ताडपत्रीवर पेंढ्या झोडायला बसण्याआधी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी मघापासून एकच म्हणून राहिली. घटकाभर तिकडं या. लिवू नका, काई करू नका. पाहा तरी. सरपंचानं नजरअंदाज केलं, तलाठ्यानं नजरअंदाज केलं, आता तुमीबी मले नजरअंदाजच करून राहिले."

"नाई आजी, नजरअंदाज तलाठी करते," तो म्हणाला. तोंडातली वाक्ये आपापल्या क्रमाने येत होती. "मी त कापणी प्रयोग..."

"सायेब, तसं नाई," भोजराज पेंढी आपटायची थांबवून म्हणाला. त्याला मजा वाटली होती. "थे म्हणते का तुमी तिच्याकडं पाहूनच नाई राहिले. आपल्या हिंदीत नाई म्हणत, नजरअंदाज करते म्हणून? डोळ्यापुढं रायते, पण दिसत नाई."

सुगतला तो अर्थ माहीत नव्हता असे नव्हते. बाजारात, टीव्हीवर, बालाघाटकडच्या पाहुण्यांच्या बोलण्यात तो रोज येत होता. फक्त त्याच्या डोक्यात कार्यालयाचा अर्थ इतका पुढे येऊन बसला होता की मागच्याला जागाच मिळत नव्हती. आणि आता तो मागचा पुढे आला. स्वयंपाकघराच्या दारातली तृप्ती पुढे आली. तिच्या हातात तेव्हा काहीतरी होते, काय होते ते त्याला आठवेना. त्याने वर पाहिलेच नव्हते. ती म्हणाली होती, तुम्हाला मी दिसत नाही. आणि तो म्हणाला होता, हो, दिसत नाहीस, पण माझे बहुधा बरोबर असते. दीपमालाला पहिल्या क्षणी तो विनोद वाटला होता, दुसऱ्या क्षणी तिला कळले होते की नवरा विनोद करत नाही. तिथे ते हसणे थांबले होते. त्याच्या कानशिलांत ऊन एकदम आवाज करू लागले. त्याला वाटले, हे आताच्या आता तिला सांगितले पाहिजे. नाहीतर ती हे वाक्य सुटकेसमध्ये घालून घेऊन जाईल, आणि तिकडे तलावाच्या काठावर, चिखलात उभी असताना, ते तिला पुनःपुन्हा आठवेल, आणि दर वेळी ते जरा जास्त खरे होईल. त्याने खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. मात्र मघाशी, रस्त्यावरून खाली उतरताना, घरून आलेले तीन कॉल पडद्यावर येऊन बसले होते: तृप्ती, तृप्ती, तृप्ती. एक वाजायला दहा मिनिटे होती.

अकरा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटे. आता निघाले तर गाडी लागलेली असेल, ती खिडकीत बसलेली असेल, खाली उभे राहून बोलता येईल. दोरी घोट्याइतक्या उंचीवर होती. कोणतेही वासरू ती ओलांडून गेले असते. "भोजराज, मी जरा साकोलीले जाऊन येऊ काय?" त्याने विचारले, आणि विचारतानाच त्याला कळले की परवानगी मागतो आहे म्हणजे आपण जाणार नाही. भोजराजने हातातली पेंढी खाली ठेवली. "वजन सोडून? मंग हे बाद होते, सायेब. कापलेलं पुन्हा उभं थोडीच होते. मावशीचं धानबी गेलं आन प्रयोगबी गेला." हे खरे होते. खरे आणि सोयीचे, दोन्ही होते. सत्तावीस वर्षांत त्याने एकही प्रयोग अर्धा सोडला नव्हता. पावसात, तापात, वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तो दोरीत उभा राहिला होता, आणि लोक त्याला कर्तव्यदक्ष म्हणत. आता त्याला पहिल्यांदाच शंका आली की आपल्याला हा चौकोन आवडतो. इथे कोणी आत येत नाही. इथे जे आहे ते दहा बाय पाच आहे. बाहेर एखादी मुलगी दारात उभी राहून काही म्हणते आणि तिचे दोन अर्थ होतात. तो उभाच राहिला. एक वाजला. एक वाजून दहा झाले, आणि त्यानंतर निघण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याला जराशी सुटका वाटली, आणि त्या सुटकेची किळस आली.

"सायेब, तुमी खाऊन घ्या. पाखडाले येळ हाय," भोजराज म्हणाला. डब्याची पिशवी त्याने दोरीच्या आत आणून दिली. डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी चौकोनी होते. सुगतने कागद न सोडता ते ओळखले. दीपमालाने ठेवले नसणार. ती पुस्तकांना हात लावत नसे. तो खाली धसकटांवर बसला, डबा बाजूला ठेवला. पुस्तकात एका जागी खूण घातलेली होती: घडी केलेला कागद. तो उलगडला तर तृप्तीच्या दुसऱ्या परीक्षेचे प्रवेशपत्र होते. कोपऱ्यात तिचा छोटा फोटो, केस घट्ट मागे घेतलेले, डावी भुवई किंचित वर. फोटोखाली सात अंकी बैठक क्रमांक. हा फोटो कधी काढला, तिच्या गळ्यात ही निळी ओढणी कधीपासून होती, त्याला सांगता आले नसते. तिचे कमी पडलेले चार गुण मात्र त्याला पाठ होते. त्याने ते पान वाचले. चाळीस वर्षे जे तो रचत आला होता ते तिथे साडेतीन ओळींत होते. वेधस नोंदवही लिहीत बसलेला आहे. दिवसाचे आकडे लिहून झाले आहेत. त्याखाली त्याच्या हस्ताक्षरात एवढेच आहे: 'दाराच्या दिशेने आवाज. थोड्या थोड्या अंतराने. बहुधा नळातली हवा.' मग दुसऱ्या दिवसाची तारीख आणि पुढचे आकडे.

त्याने पान उलटले, पुढची काही पाने पाहिली. आणखी काही नव्हते. वेधसने दार उघडले नाही असेही तिथे म्हटलेले नव्हते. त्याला दाराचा प्रश्नच पडला नव्हता. तो निष्ठुर असता तर बरे झाले असते असे सुगतला वाटले. तो नुसता कामात होता. आणि आवाज त्याने ऐकला होता, हे सर्वांत वाईट होते. ऐकला, नोंदवला, कारणही दिले, बहुतेक योग्य वाटणारे. तृप्तीने हे ऑगस्टातच वाचले असणार. तीन महिने ते पुस्तक फळीवर होते आणि तीन महिने ती घरात होती, येताजाता फळीकडे पाहत असणार, खूण आहे तिथेच आहे का ते. सकाळी तिने जे म्हटले ते भांडण नव्हते. ती दारावर हात ठेवून उभी होती.

कुंताबाई सूप हलवत होती. भूस वाऱ्याने दोरीबाहेर जात होते आणि धान ताडपत्रीवर पिवळे, स्वच्छ पडत होते. भोजराजने काटा तिपाईला टांगला. तेवढ्यात साकोलीच्या बाजूने हॉर्न आला. ट्रकाचा नव्हता, एसटीचा, फाटक्या आवाजाचा. सुगतने घड्याळ पाहिले नाही. तो उठला, त्याच्या मांडीवरचे पुस्तक धसकटांत पडले, आणि त्याने दोरी ओलांडली. ओलांडली असे त्याला नंतर कळले. तेव्हा फक्त एक खुंटी उपटून त्याच्या पायाबरोबर थोडी दूर आली. "सायेब, वजन राहिलं," मागून भोजराज म्हणत होता. कमरेइतक्या धानातून तो धावत होता, बावन्न वर्षांचा, कार्यालयीन सँडल घातलेला माणूस. मग धान संपले आणि पायाखाली काहीतरी कुरकुर मोडू लागले, वाळलेल्या कागदासारखे, पण खाली पाहायला वेळ नव्हता. चढ चढून तो सडकेच्या कडेला आला आणि त्याने हात वर केला.

गाडी थांबणारी नव्हती. ती जलद होती, भरलेली होती, आणि चालकाने त्याला एक वेडा मानून थोडी बाहेरून घेतली. खिडक्या एकामागून एक गेल्या: डोक्यावर पदर घेतलेली बाई, झोपलेला म्हातारा, मोबाईलवर वाकलेल्या दोन मुली, गजावर टेकवलेले कोणाचे तरी कपाळ. चाळीस-पन्नास चेहरे. त्याने सगळ्यांना हात केला. एक हात आतून वर झाला. तो त्याच्यासाठी होता की केस सारण्यासाठी, हे कळण्याआधी खिडकी पुढे गेली. मग गाडीची पाठ, धूळ, आणि पाठीमागून ट्रक. तिचा चेहरा त्यात नव्हता. किंवा होता आणि त्याने ओळखला नाही.

हातातला फोन थरथरला. रस्त्यावर रेंज होती. त्याने घाईने पाहिले. ॲपचा संदेश होता: 'आपण प्रयोगक्षेत्राच्या बाहेर आहात. कृपया क्षेत्रात परत या.' तो ते वाक्य वाचत उभा राहिला. पुन्हा एकदा थरथरला, आणि आता ती होती. 'बाबा सडकेवर तुमीच होते काय.' लगेच दुसरा: 'मी दुसऱ्या बाजूनं बसली होती. मले फक्त हात दिसला.' त्याने लिहिले, 'हो, मीच होतो.' मग थांबला. अंगठा घामाने घसरत होता. बरेच काही लिहायचे होते: तो शब्द, त्याचे दोन अर्थ, नोंदवही, नळातली हवा. त्याने लिहिले, 'सकाळी तू काय म्हटलं ते मले समजलंच नाई. आता समजलं.' संदेशाजवळ घड्याळाची छोटी खूण आली. गाडी लाखनीकडच्या जंगलाच्या पट्ट्यात शिरली असणार. खूण तशीच राहिली. खाली बांधीतून भोजराज दोन्ही हात हलवून बोलावत होता. इथून गेले की रेंज जाणार होती, आणि इथे राहिले की प्रयोग बाद होणार होता. फोन थरथरला: आपण प्रयोगक्षेत्राच्या बाहेर आहात.

कुंताबाई हळूहळू चढ चढून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने काय झाले ते विचारले नाही. थोडा दम खाल्ला, पदराने तोंड पुसले. "कोन होतं गाडीत?"

"मुलगी."

"दिसली?"

"नाई."

तिने मान हलवली. मग पायाखाली बोट दाखवले. तेव्हा त्याच्या लक्षात आले की चढाच्या पायथ्यापासून थेट उभ्या धानापर्यंत, ज्यातून तो आता धावत आला होता, ते सारे तेच आहे. तपकिरी, आडवे, जागोजाग वर्तुळे पडून जळल्यासारखे. त्याच्या पावलांनी त्यातून एक वेडीवाकडी वाट मोडली होती.

"आता आलेच हायेत, त पाहून घ्या," ती म्हणाली.

तो खाली उतरला. वाकून त्याने एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली, आणि फुंकर मारली. तळहातावर काही उरले नाही. त्याने दुसरी तोडली, मग पलीकडच्या वर्तुळातली तिसरी. दुसऱ्या हातात फोन थरथरत होता, ॲप असेल किंवा ती असेल. त्याने तो वर आणला नाही, खालीही ठेवला नाही. भोजराज हाका मारायचा थांबला होता.

"पाहिलं काय, सायेब?" कुंताबाईने विचारले.

"पाहून राहिलो," तो म्हणाला.